फर्दापूरचा मुक्काम

अजिंठ्याची रील्स बघितलीत तर क्रम ठरलेला असतो. ड्रोन वर जातो, घोड्याच्या नालेसारखी वळलेली दरी दिसते, खाली वाघूर नदीची रेघ, मग पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, आणि शेवटी सेल्फी. फर्दापूर यात कुठेच नसतं. असलंच तर 'टी पॉइंट' या नावाने असतं. तिथे गाडी लावायची, पावती घ्यायची, एसटीच्या बसमध्ये बसायचं आणि चार किलोमीटर आत लेण्यांकडे जायचं. संध्याकाळी परत येऊन गाडी काढायची आणि संभाजीनगर गाठायचं.

पण आपण पत्ता लिहिताना सुरुवात 'मु. पो.' अशी करतो. मुक्काम पोस्ट. यातला 'मुक्काम' हा शब्द फर्दापूरला अगदी शब्दशः लागू पडतो. लोकांनी इथे थांबावं, जेवावं, जनावरांना पाणी पाजावं, झोपावं आणि सकाळी निघावं, यावर हे गाव शतकानुशतकं जगलं आहे. अजिंठ्याचा इतिहास चित्रांचा म्हणून सांगितला जातो. तो या मुक्कामाचाही आहे.

गावाची जागा आधी समजून घेऊ. कुठल्याही घाटाला दोन गावं लागतात, एक वर आणि एक पायथ्याशी. खंडाळा आणि खोपोली, इगतपुरी आणि कसारा. अजिंठ्याच्या घाटाला वर अजिंठा गाव आहे आणि खाली फर्दापूर. उत्तरेकडून येणारा बैल घाट चढण्याआधी इथे दम खातो, दक्षिणेकडून उतरलेला बैल इथे सुटकेचा श्वास सोडतो. सरकारी कागदावर फर्दापूर सोयगाव तालुक्यात, म्हणजे मराठवाड्यात येतं. डोंगर मात्र त्याच्या दक्षिणेला आहे आणि समोरचं सपाट रान खानदेशात उतरत जातं. वाघूरसुद्धा लेण्यांच्या दरीतून निघून उत्तरेला तापीकडे जाते. त्यामुळे गावाची कचेरी एका बाजूला आणि चव दुसऱ्या बाजूला, असा प्रकार आहे.

मुघलांच्या काळात बुऱ्हाणपूर म्हणजे दख्खनचं दार. तिथून औरंगाबादकडे येणारी वाट याच घाटाने चढायची. म्हणूनच फर्दापूरला सराई आहे. ती औरंगजेबाच्या काळातली मानली जाते. तिचे दरवाजे आणि भिंतींचे अवशेष अजून गावात उभे आहेत. सराईची रचना साधी असे. चौकोनी तटबंदी, आतल्या बाजूने ओळीने खोल्या, मध्ये मोकळं अंगण, विहीर, मशीद. सूर्य मावळला की दरवाजा बंद. आत आलेला व्यापारी, शिपाई, फकीर, बायकामुलांसह निघालेलं कुटुंब, सगळे रात्रभर एकाच भिंतीच्या आसऱ्याला. अशा सरायांमध्ये स्वयंपाक करून द्यायला भटियारे असत. तुम्ही शिधा आणून द्यायचा किंवा त्यांच्याकडचं शिजलेलं घ्यायचं. आपल्या 'भटारखाना' या शब्दाचं कूळ इथलंच. त्या रात्री कोणी काय खाल्लं याची नोंद कुठल्याही बखरीत नाही. पण माणूस पुढच्या सकाळी घाट चढला, म्हणजे कोणीतरी चूल पेटवली होती.

आता एक गंमत बघा. २३ सप्टेंबर १८०३ला असईची लढाई झाली. इंग्रजांचे जखमी अजिंठा गावात ठेवले होते. ऑक्टोबरमध्ये आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, फौजेसह घाट उतरून फर्दापूरला आला. या फौजेचं धान्य बंजाऱ्यांच्या बैलांच्या तांड्यांवर यायचं. इतका मोठा तळ पडला की लाकूड, चारा, पाणी यासाठी माणसं चहूकडे पांगणारच. पण त्या छावणीतून लेण्यांची बातमी जगाला गेली नाही. ती गेली सोळा वर्षांनी. २८ एप्रिल १८१९ला जॉन स्मिथ नावाचा मद्रास फौजेतला अधिकारी शिकारीला आला, दरीच्या वरून त्याला कमान दिसली आणि दहाव्या लेण्यात त्याने चित्रावरच स्वतःचं नाव आणि तारीख कोरून ठेवली.

याला आपण अजिंठ्याचा 'शोध' म्हणतो. पण लेण्यांजवळच्या एका गावाचं नावच लेणापूर आहे. दरीतल्या भिल्लांना आणि गुराख्यांना हा डोंगर पोकळ आहे हे माहीत होतं. त्यांनी ते इंग्रजीत लिहिलं नाही, इतकंच. पुढे जे जे लिहिणारे आले, त्यांना वाट दाखवणारा, घोडा धरणारा आणि पाणी आणून देणारा माणूस लागलाच. त्याचं नाव सहसा लेखात येत नाही.

मग चित्रकारांचा काळ सुरू झाला. १८४४ साली कंपनीने रॉबर्ट गिलला नकला करायला नेमलं. तो घाटावर अजिंठा गावात राहिला. त्याची आणि पारोची गोष्ट आपल्यापर्यंत कवितेतून आणि सिनेमातून आली. 'अजिंठा' लिहिणारे ना. धों. महानोर याच सोयगाव तालुक्यातले, पळसखेड्याचे. गिलच्या बहुतेक नकला १८६६ला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले. १८७२ ते १८८५ या काळात त्यांनी पुन्हा सगळं रंगवलं. त्यातल्याही बऱ्याच नकला १८८५ला लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये जळाल्या.

तिसरी खेप लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम यांची. १९०९ ते १९११च्या दरम्यान त्यांनी तळ टाकला तो फर्दापूरजवळ. त्यांच्यासोबत नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि म्हैसूरकडचे वेंकटप्पा हे तरुण कलकत्त्याहून आले होते. हैदराबादहून सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन आले होते. नंदलाल तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे होते. पुढे ते शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख झाले आणि भारतीय संविधानाची मूळ प्रत सजवणारेही तेच. म्हणजे संविधानाच्या पानांवर जी रेघ फिरली, तिचा सराव एका हिवाळ्यात फर्दापूरहून रोज लेण्यांकडे जाऊन-येऊन झाला होता. सकाळी निघायचं, उजेड असेपर्यंत अंधाऱ्या भिंतीसमोर बसायचं, दिवस मावळला की परत. अशा दिवसात जेवण ही किरकोळ बाब नसते. भात खाणारे बंगाली, हैदराबादचे दोघं, म्हैसूरचा एक आणि इंग्रज बायका एका तळावर राहणार, तर संध्याकाळच्या चुलीचा विचार कोणीतरी रोज करत असणारच. या नकला मात्र वाचल्या. १९१५ला त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये निघाला.

त्या काळात फर्दापूर हे हद्दीचं गाव होतं. खानदेश १८१८पासून इंग्रजांकडे आणि घाटाकडचा मुलूख निजामाचा. जळगावहून येणारा प्रवासी वाटेत एक राज्य ओलांडायचा. निजामाचं नाणं वेगळं, हाली सिक्का. जकातीचं खातं वेगळं, त्याचं नाव करोडगिरी. १९१४ साली हैदराबाद संस्थानाने पुरातत्त्व खातं सुरू केलं. गुलाम यझदानी त्याचे प्रमुख होते. १९२० नंतर इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन तज्ज्ञ भिंतींवरचे सुटलेले पापुद्रे पक्के करायला आले. पाहुण्यांच्या उतरण्याची सोय संस्थानाने फर्दापूरलाच केली. पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी छोटी गाडी, आपली 'पीजे', पहिल्या महायुद्धाच्या शेवटी धावू लागली. वाटेतल्या पहूर स्टेशनवर उतरून माणूस बैलगाडीने किंवा टांग्याने फर्दापूर गाठू शकायचा. ही गाडी २०२०च्या टाळेबंदीत थांबली. आता तिथे मोठ्या रुळांचं काम काढलं आहे.

हे सगळं अलीकडचं. मुक्कामाची मूळ गोष्ट याहून खूप जुनी आहे, ती खुद्द लेण्यांमध्ये आहे.

अजिंठा म्हणजे पावसाळ्याची वस्ती. बौद्ध भिक्खूंनी एरवी फिरत राहायचं आणि पावसाळ्यातले तीन महिने एका जागी राहायचं, त्याला वर्षावास म्हणतात. भिक्खूने शेती करायची नाही, साठवायचं नाही, दुपारनंतर जेवायचं नाही. सकाळी भिक्षापात्र घेऊन वस्तीत जायचं आणि मिळेल ते खायचं. म्हणजे जिथे विहार तिथे चालत जाण्याच्या अंतरावर वस्ती हवीच, आणि वस्तीत दुसऱ्यासाठी मूठभर जास्त शिजवण्याची ऐपतही हवी. व्यापाराच्या वाटेवर ती असते. इसवी सनापूर्वीचं दहावं लेणं आणि पाचव्या शतकातलं सतरावं, यांच्यामध्ये पाच-सहाशे वर्षं आहेत. पण दोन्ही वेळी गणित तेच होतं.

दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागाचं दान कटहादी नावाच्या माणसाने दिलं, तसा लेख आहे. सोळावं लेणं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेवाने दिलं. सतराव्या लेण्याच्या लेखात दात्याने पाण्याच्या टाक्याचाही आवर्जून उल्लेख केला आहे, आणि ते पाणी गोड आणि गार असल्याचं सांगितलं आहे. डोंगर कोरून काढणाऱ्या माणसालाही गार पाण्याचा अभिमान लपवता आला नाही. त्याच सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकाचं चित्र आहे. हत्तीपासून रथापर्यंत सगळं देऊन टाकणारा राजपुत्र देशोधडीला लागतो, आणि त्याचा रथ बाजारातून जातो तेव्हा दुकानदार आपापल्या दुकानात बसलेले दिसतात. चित्रकाराने ती दुकानं कल्पनेतून आणलेली नसावीत. त्याने जिथे सौदा घेतला, तोच बाजार भिंतीवर आला असणार.

दगड देणाऱ्यांची नावं अशी कोरली गेली. रोजची भिक्षा वाढणाऱ्या बाईचं नाव कोरायची पद्धत नव्हती. तिच्यानंतर सराईतला भटियारा, वेलस्लीच्या तळाला धान्य पुरवणारा बंजारा, हेरिंगहॅमबाईंच्या तळावरचा आचारी, ही सगळी एकाच रांगेतली माणसं.

त्यांचा दस्तऐवज कुठे शोधायचा? मला वाटतं, ताटात. या भागात जेवायला बसा. भाकरी ज्वारीची असेल किंवा कळण्याची, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची. बरोबर पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. नाहीतर तर्री आलेली शेवभाजी. वर ठेचा. शेवटी चहा.

यातलं वांगं आपलंच, उडीदही आपला. ज्वारी आफ्रिकेतून आली, पण हजारो वर्षांपूर्वी. शेवेचा हरभरा पश्चिम आशियातून तितक्याच जुन्या काळात आला. मिरची, शेंगदाणा आणि टोमॅटो मात्र अमेरिका खंडातले. पोर्तुगीज जहाजांनंतरचे, म्हणजे सोळाव्या शतकापासून पुढे कधीतरी इथे पोचलेले. सतराव्या लेण्यातल्या भिक्खूला हे ताट दिलं तर त्याला वांगं कळेल, उडीद कळेल, आणि ठेच्याचा पहिला घास घेतल्यावर तो गार पाण्याच्या टाक्याकडे धावेल. चहा तर गेल्या शतकात इथे घरोघरी झाला. लेण्यांमध्ये जसे दोन काळ शेजारी शेजारी उभे आहेत, तसे या ताटात चार-पाच आहेत. आणि यातली बरीचशी बाहेरची चीज कोणाच्या तरी बैलावर, अशाच एखाद्या घाटाखाली मुक्काम करत करत आली.

आता मुक्काम कमी होत चालला आहे. गाड्या वेगवान झाल्या, संभाजीनगरहून निघून त्याच दिवशी परतता येतं. लेण्यांचं भलं व्हावं म्हणून खाजगी गाड्या टी पॉइंटवर थांबवल्या, ते योग्यच झालं. धूर कमी झाला. दुकानंही टी पॉइंटला आली. काळ्या खडकाच्या पोकळीत तयार झालेले जांभळे, पांढरे स्फटिक घेऊन विक्रेते तुमच्या मागे येतात. त्यांच्यातले काही जपानी पाहुण्यांशी जपानीत घासाघीस करतात. त्यांच्याकडे त्रासदायक गर्दी म्हणून बघणं सोपं आहे. पण फर्दापूरच्या माणसाने परक्या भाषेतल्या पाहुण्याशी व्यवहार करणं हा इथला सराईइतका जुना धंदा आहे, आणि पाहुणा संध्याकाळी निघून जाणार असेल तर त्याच्याकडे तेवढेच काही मिनिटं असतात. मुक्कामी माणूस दोन वेळा जेवतो, चहा पितो, रिक्षा विचारतो, चप्पल शिवून घेतो. दिवसभराचा पाहुणा पाण्याची बाटली गाडीतूनच आणतो.

म्हणून जमलं तर एक रात्र राहा. पावसाळ्यात गेलात तर लेण्यांच्या टोकाचा धबधबा पडत असतो आणि भिक्खूंनी मुक्कामाला हाच ऋतू का धरला ते चिखलात पाय रुतल्यावर कळतं. दिवाळीच्या आगेमागे गेलात तर सीताफळं मिळतील. सकाळी पहिल्या बसने आत जा, गर्दी यायच्या आत सतरावं लेणं बघा, त्यातला बाजार शोधा. दुपारी परत येऊन भाकरी खा आणि वाढणाऱ्याला नाव विचारा.

लेणी सोमवारी बंद असतात. चुकून सोमवारीच पोचलात तर वैतागू नका, गावातली सराई बघून या. तिला तिकीट नाही आणि सुट्टीही नाही.