उत्तेजन
पहिले तीन नंबर वाटून झाले की उरतं ते 'उत्तेजनार्थ' बक्षीस. बिचाऱ्या शब्दाची केवढी ही अवनती! मुळात संस्कृत 'तिज्' म्हणजे धार लावणे. 'तेज', 'तीक्ष्ण' हे त्याचेच सोयरे. एखाद्या वर्कशॉपमध्ये बोथट टूल ग्राइंडरवर धरलं की ठिणग्या उडतात, ते खरं उत्तेजन. बायबलातल्या नीतिसूत्रांतही लोखंड लोखंडाला धार लावतं, तसा माणूस माणसाला.

अशी दुसऱ्याला धार लावणं हा तर 1895 साली ख्रिस्ती झालेल्या कवी ना. वा. टिळकांचा स्वभावच. कोवळ्या बालकवी ठोंबऱ्यांना त्यांनी घरातच ठेवून घेतलं. पत्नी लक्ष्मीबाईंना लिहायला-वाचायला शिकवलं. शिकवताना चिडचिडही बरीच केली म्हणा. 1919मध्ये टिळक गेले, त्यांचं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तावरचं महाकाव्य अर्धवट राहिलं. ते पुढे लिहिलं लक्ष्मीबाईंनी.