मूकपटांतील परका नायक : विनोद आणि विस्थापन

प्रस्तावना :
मूकपटांच्या काळात अमेरिकेत गुराख्यांच्या जीवनावरील ‘वेस्टर्न’ साहसपट लोकप्रिय झाले. त्यांची टिंगल करणारे विनोदपटही निर्माण झाले. अनोळखी प्रदेशात गेलेल्या माणसाची फजिती हा त्यांचा गाभा होय. प्रस्तुत लेखात या विनोदाची तत्कालीन भारतीय मूकपटांशी तुलना केली आहे.

विषय विवेचन :
हेरॉल्ड लॉईड यांच्या ‘ॲन ईस्टर्न वेस्टर्नर’ (१९२०) मध्ये शहरातील श्रीमंत घरचा लाडावलेला मुलगा पश्चिमेला पाठविला जातो. बस्टर कीटन यांच्या ‘गो वेस्ट’ (१९२५) चा नायक मात्र निर्धन व एकाकी आहे. गाईखाली बादली ठेवून ती आपणहून दूध देईल, याची तो शांतपणे वाट पाहतो. पिस्तूल रोखून हसण्यास दरडावले जाताच तो बोटांनी ओठांचे कोपरे वर करतो. येथे नवख्याबरोबरच शूर गुराख्याची प्रतिमाही हास्यास्पद ठरते. अखेरीस हाच नवखा मालकाची गुरे वाचवितो.

भारतात धीरेंद्रनाथ गांगुली यांच्या ‘बिलात फेरत’ (१९२१) या बंगाली मूकपटाने विलायतेहून परतलेल्या तरुणाची थट्टा केली. हा नायक स्वतःच्याच घरात परका ठरतो. गांगुली यांनी पुढे हैदराबाद येथे लोटस फिल्म कंपनी काढली. जालना त्या वेळी निजामाच्या राज्यातील औरंगाबाद जिल्ह्यात होते. १९२४ मध्ये ‘रझिया बेगम’ या चित्रपटामुळे निजामाने गांगुलींना राज्य सोडण्यास भाग पाडले. विनोदकारालाच विस्थापित व्हावे लागले.

मराठी भूमीत हीच परकेपणाची कथा शोकात्म झाली. बाबूराव पेंटर यांच्या ‘सावकारी पाश’ (१९२५) मध्ये व्ही. शांताराम यांनी साकारलेला शेतकरी जमीन गमावून शहरात गिरणी कामगार होतो. तोही नव्या जगात अडाणीच आहे. परंतु त्याच्या गोंधळावर हसता येत नाही, कारण मागे परतण्यासाठी त्याची जमीन उरलेली नाही.

निष्कर्ष :
१. परक्याची फजिती विनोदी ठरण्यासाठी त्याला शिकण्याची, जिंकण्याची वा परतण्याची संधी असावी लागते.
२. भांडवल व कर्ज यांनी ती संधी हिरावली की तीच कथा करुण होते.
३. ऊसतोडीसाठी आजही स्थलांतर करणाऱ्या मराठवाड्याच्या संदर्भात ‘सावकारी पाश’चा अभ्यास केवळ चित्रपटाच्या इतिहासापुरता मर्यादित राहत नाही, तो सामाजिक इतिहासाचाही विषय ठरतो.