इंजिनाशिवाय उडायला शिकवणारा माळ

मोहोळहून पुण्याला निघालेली एसटी टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, यवत, लोणी काळभोर करत हडपसरला पोचते. तिथं सोलापूर रस्ता सोडून सासवडकडे वळलं, की थोड्याच अंतरावर एका बसथांब्याचं नाव लागतं, ‘ग्लायडिंग सेंटर’. आमच्या तालुक्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या नोकरीला, शिकायला, दवाखान्याला याच रस्त्यानं पुण्यात उतरली. या थांब्यामागच्या गवताळ माळावर 1950 पासून सरकार सामान्य घरच्या पोरांना उडायला शिकवत आलं आहे, हे त्यांच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. मी त्या थोड्यांपैकी एक. मोहोळच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो, पण हवा वर कशी चढते हे मी पुस्तकाआधी त्या माळावर शिकलो. म्हणून हा इतिहास मला सांगावासा वाटतो.

हौसेनं विमान उडवणं आपल्याकडे आलं ते श्रीमंतांच्या अंगणात. 1928 मध्ये दिल्ली, कराची, कलकत्ता आणि मुंबई इथं फ्लाइंग क्लब निघाले. मुंबईचा क्लब जुहूच्या मैदानावर. सरकार या क्लबांना अनुदान देई आणि शिकणाऱ्याला त्यामुळे तास स्वस्त पडे. तरी ‘स्वस्त’ म्हणजे कुणासाठी? 10 फेब्रुवारी 1929 या तारखेचा, भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना जेआरडी टाटांच्या नावावर आहे. पुढं 15 ऑक्टोबर 1932 ला त्यांनीच कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपालाचं विमान आणलं आणि भारतातल्या नियमित हवाई वाहतुकीची सुरुवात झाली. हा वारसा मोठा आहे. पण ज्या घरात बैलजोडीचा हप्ता फिटता फिटत नव्हता, त्या घरातल्या मुलाला जुहूचा दरवाजा दिसतही नव्हता. पेट्रोल जाळून उडायचं म्हटलं की पैसा आलाच.

हडपसरच्या बिनइंजिनाच्या उडण्याचं मूळ शोधायचं तर जर्मनीत जावं लागतं. पहिल्या महायुद्धात हरलेल्या जर्मनीवर 1919 च्या व्हर्सायच्या तहानं इंजिनाच्या विमानांबाबत कडक बंधनं घातली. तिथले विद्यार्थी आणि तरुण इंजिनिअर मग लाकडाच्या पट्ट्या आणि कापड घेऊन वासरकुप्पं नावाच्या बोडक्या डोंगरावर जमले. 1920 मध्ये तिथं इंजिनाविना उडण्याची पहिली स्पर्धा झाली. आधी ते डोंगराला आपटून वर चढणाऱ्या वाऱ्यावर तरंगत. दशक संपता संपता त्यांना उमगलं की सपाट रानावरही तापलेली हवा खांबासारखी वर जाते, आणि त्या खांबात गोल गोल फिरत राहिलं तर विमान घारीसारखं उंच चढतं. त्या खांबाला वैमानिक थर्मल म्हणतात. अडचणीतून जन्मलेली ही विद्या आपल्यासारख्या उन्हाच्या आणि कमी पैशांच्या देशाला किती चपखल बसते, हे स्वातंत्र्यानंतर दिल्लीतल्या काही अधिकाऱ्यांच्या ध्यानात आलं. त्या दूरदृष्टीबद्दल मला मनापासून आदर आहे.

1950 मध्ये हडपसरला सरकारी ग्लायडिंग केंद्र सुरू झालं, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या अखत्यारीत. देश अन्नधान्य बाहेरून आणत होता, फाळणीच्या निर्वासितांना घरं देत होता, आणि त्याच वेळी पोरांना ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची विमानंही देत होता. याच वर्षी एनसीसीची एअर विंगही उभी राहिली. ग्लायडर परदेशातून आणायचे तर परकी चलन लागे. म्हणून नागरी विमान खात्याच्या दिल्लीतल्या तांत्रिक केंद्रात एस. रामामृतम यांनी भारतीय ग्लायडरांचे आराखडे केले. अश्विनी 1958 मध्ये उडालं, रोहिणी 1961 मध्ये, कार्तिक 1963 मध्ये. भरणी, मृगशीर, आर्द्राही आली. मृगाला पेरणी धरणाऱ्या आणि आर्द्राच्या पावसाची वाट बघणाऱ्या माणसांच्या देशानं आपली विमानं नक्षत्रांच्या यादीनं बांधली. रोहिणी दोन आसनी, लाकडाचं, शिकणारा आणि शिकवणारा शेजारी शेजारी बसतील असं. आमच्यासारख्यांच्या पिढ्या त्यातच शिकल्या.

याच काळात, 1959 मध्ये, हाना राइट्श ही जगप्रसिद्ध जर्मन वैमानिक ग्लायडिंगच्या कामासाठी भारतात आली आणि पंडित नेहरूंना तिनं दिल्लीवरून ग्लायडरमध्ये फिरवून आणलं. तिचं नाझी राजवटीशी असलेलं नातं मी विसरू शकत नाही, आणि विसरू नयेच. पण पंतप्रधान स्वतः बिनइंजिनाच्या विमानात बसतो, यावरून या खेळाला तेव्हा केवढा मान होता ते कळतं.

मी पुण्यात कॉलेजात असताना, ऐंशीच्या दशकात, वसतिगृहातल्या एका मित्राच्या मागं लागून हडपसरला गेलो. तेव्हा सेंटरच्या आजूबाजूला कालव्याच्या पाण्यावरचे भाजीचे मळे होते आणि मध्ये मध्ये नांगरून पडलेली काळी रानं. फी ऐकून मला खरं वाटेना. माझ्या महिन्याच्या खानावळीच्या बिलातून ती वाचवता येण्यासारखी होती. गावी सांगितलं तेव्हा आमचे वडील, आण्णा, म्हणाले, “इंजिन नाही म्हंतोस, मग वर कशानं जातंय रे ते?” मी उत्तर दिलं, “विंचनं.” ते म्हणाले, “आणि खाली?” याचं उत्तर तेव्हा मलाही नीट देता आलं नाही. आज देतो.

विंच म्हणजे मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभं असलेलं, ताकदवान इंजिनानं फिरणारं मोठं रिळ. त्यावरची पोलादी केबल मैदानभर ओढत आणून ग्लायडरच्या पोटाच्या आकड्याला अडकवतात. एक जण पंखाचं टोक हातात धरून ते आडवं समतोल करतो. इशारा झाला की केबल आधी ताणली जाते, मग विंच ओढू लागतो. पंख धरणारा चार पावलं सोबत पळतो आणि सोडून देतो. पतंगाला हिसडा दिल्यावर तो जसा वर झेपावतो तसं ग्लायडर नाक वर करून चढतं. पाठ आसनाला चिकटते, समोर फक्त आभाळ. मिनिटभराच्या आत हजारेक फूट उंची मिळते. मग नाक खाली घ्यायचं, मूठ ओढून केबल सोडून द्यायची, आणि एकदम शांत होतं. राहतो तो वाऱ्याचा आवाज. त्या आवाजावरूनच वेग ओळखायला पहिल्या दिवशी शिकवतात. आवाज चढला तर वेग वाढला, आवाज पडला तर नाक खाली कर. आण्णांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं, की केबल सुटल्यापासून ग्लायडर कायम उतरतच असतं, हवेतून घसरत. साधारण सेकंदाला मीटरभर. हजार फुटांवरून म्हणजे पाचेक मिनिटं. त्या पाच मिनिटांत दोन-तीन वळणं घेऊन वाऱ्याच्या तोंडाला येऊन गवतावर उतरायचं. दुसरी संधी नसते, इंजिन मारून पुन्हा वर जाता येत नाही. म्हणूनच ग्लायडरवर शिकलेल्याचा हात जन्मभर साफ राहतो, असं माझं ठाम मत आहे.

पहिल्या धड्याला इन्स्ट्रक्टरांनी स्टिक, म्हणजे विमान चालवायची दांडी, माझ्या हातात दिली आणि सांगितलं, “घट्ट धरू नकोस, बोटांनी धर.” पंख जरा कलला की मी जोरात उलटा दाबायचो आणि तो दुसरीकडे कलायचा. शेपटीचं रडर पायानं, स्टिक हातानं, दोन्ही एकत्र चालवायला जमायला पुष्कळ उड्डाणं लागतात. एका उन्हाच्या दुपारी त्यांनी विचारलं, “खाली काय दिसतंय?” मी म्हटलं, “डाव्या हाताला नांगरलेलं रान, उजवीकडं भाजीचा मळा.” ते म्हणाले, “मग डावीकडं वळ.” वळलो, आणि चढ-उतार दाखवणारा काटा, ज्याला व्हेरिओमीटर म्हणतात, शून्याच्या वर गेला. काळी उघडी ढेकळं तापतात, त्यांच्यावरची हवा तापून वर निघते. ओलं हिरवं पीक थंड राहतं, त्यावर हवा खाली बसते. एवढं साधं आहे ते. मोहोळच्या पोराला हे सांगावं लागू नये, कारण मे महिन्यात आमच्या माळावर उठणारी वावटळ म्हणजे धुळीनं दिसू लागलेलं थर्मलच. तिच्या माथ्यावर घारी घिरट्या घालतात, पंख न हलवता. सीनाकाठच्या बागायतीवर त्या कधी तशा फिरत नाहीत. 1980 मध्ये उजनी धरण पुरं झालं, पाणी आलं, ऊस वाढला, तशी घारींची जागाही बदलत गेली. मी पुढं वर्गात संवहन शिकवताना मुलांना बाहेर मैदानात नेऊन घारी दाखवायचो. त्याहून चांगला प्रयोग मला सापडला नाही.

मला शिक्षण संपवून गावी यावं लागलं, नोकरी लागली, उडणं सुटलं. पण त्यानंतरच्या वर्षांत जे झालं त्याची मला खंत वाटते. विमान या शब्दाचा आमच्या भागात एकच अर्थ उरला, पायलटची नोकरी. व्यावसायिक परवान्यासाठी लाखो-लाखोंचं कर्ज, जमीन गहाण, आणि मग नोकरीची वाट. बारामती, धुळे, गोंदिया, शिरपूर इथं प्रशिक्षण संस्था आल्या, ते चांगलंच झालं. होटगी रस्त्यावरच्या सोलापूर विमानतळावरून 2025 मध्ये गोव्याला नियमित विमानसेवा सुरू झाली, त्याचाही आनंद आहे. मात्र हौस म्हणून, खेळ म्हणून उडता येतं ही गोष्टच लोकांच्या बोलण्यातून गेली. पोहायला शिकणारा प्रत्येक जण ऑलिंपिकला जात नाही. उडायला शिकणाऱ्याला मात्र आपण पहिला प्रश्न पगाराचा विचारतो.

तरी हौशी उड्डाणाची परंपरा महाराष्ट्रात पुरती खंडित झाली नाही. मुंबईच्या विजयपत सिंघानियांनी 1988 मध्ये लंडनहून भारतापर्यंत एका छोट्या मायक्रोलाइट विमानानं एकट्यानं प्रवास केला. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीच्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं आणि 2016 च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांपुढं ठेवलं. कामशेतच्या डोंगरांवर पॅराग्लायडिंगच्या शाळा पावसाळा सोडून चालतात. डोंगरउतारावरून पळत सुटून कापडी पंखाखाली तरंगायचं, पंख पाठीवरच्या पिशवीत मावतो. 2015 मध्ये सरकारनं एनसीसी आणि सैन्यदलांसाठी स्लोव्हेनियाच्या कंपनीकडून 194 मायक्रोलाइट घ्यायचं ठरवलं. 7 जून 2022 ला केंद्रानं राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण जाहीर केलं. त्यात ग्लायडिंग, पॅराग्लायडिंग, बलून, मायक्रोलाइट, घरी बांधलेली विमानं, सगळं आलं. कागद उत्तम आहे. त्याची परीक्षा हडपसरच्या माळावर व्हायची आहे. मळ्यांच्या जागी आता इमारती आल्या, मगरपट्टा उभा राहिला, आणि शहराच्या मधोमध एवढी मोकळी जमीन कुणाच्याही डोळ्यांत भरेल. ती जमीन उडण्यासाठीच राहिली पाहिजे. मैदान एकदा गेलं की परत मिळत नाही, कारण ग्लायडरला उतरायला गवत लागतं आणि गवताच्या चारी बाजूंना उंच काही चालत नाही.

आता मोहोळ, अनगर, कुरुल, नरखेडच्या पालकांना आणि शिक्षकांना काही सांगतो. मुलाला किंवा मुलीला उडायची ओढ असेल तर कर्जाच्या अर्जापासून सुरुवात करू नका. वयाची 16 वर्षं झाली की ग्लायडर वैमानिकाच्या परवान्याची वाट उघडते. इंजिनाच्या खासगी परवान्याला 17 वर्षं आणि 40 तासांचं उड्डाण लागतं, आणि तिथला एकेक तास हजारोंनी मोजावा लागतो. म्हणून आधी ग्लायडर. पुण्यात कॉलेजला घालणार असाल तर जिथं एनसीसीची एअर विंग आहे असं कॉलेज बघा. तिथं उड्डाणाचा खर्च सरकार करतं. पॅराग्लायडिंगला पाठवायचं असेल तर पर्यटकासारखं शिक्षकाच्या मांडीशी बसून फिरून येणं आणि शिकणं यातला फरक विचारून घ्या. शिकवणारा प्रमाणपत्र दाखवतो, जमिनीवर पंख सांभाळायला आधी लावतो, आणि वारा वाईट असेल त्या दिवशी पैसे घेऊनही उडवत नाही. तसा नसेल तर परत फिरा. ग्लायडरच्या धड्यातही स्टिक मुलाच्या हातात येते का आणि उड्डाणाची नोंद त्याच्या लॉगबुकात होते का, हे बघा.

हडपसरला जायच्या आधी उड्डाणं चालू आहेत का आणि कोणत्या दिवशी आहेत याची चौकशी करा, कारण वारा, पाऊस आणि यंत्राची देखभाल यांवर वेळापत्रक ठरतं. दिवस पक्का झाला की पहाटेची गाडी धरा आणि मुलाला सोबत घेऊन जा. पहिल्या वेळी फक्त कुंपणापाशी उभं राहून बघितलं तरी चालेल.