दाऊ
दाऊ : प्रमाण इंग्रजीतून लोपलेले द्वितीय पुरुषी एकवचनी सर्वनाम. अर्थ ‘तू’. ‘दी’ म्हणजे तुला; ‘दाय’ आणि ‘दाइन’ म्हणजे तुझा, तुझे. याच्याबरोबर क्रियापदही बदलते, जसे ‘हॅव्ह’चे ‘हॅस्ट’.

जुन्या इंग्रजीत याचे रूप ‘थू’ असे होते. संस्कृत त्वम्, लॅटिन तू, फार्सी तू आणि मराठी तू ही सारी याची भावंडे. मूळ एकच, इंडो-युरोपीय. जुन्या इंग्रजीत संस्कृतसारखे द्विवचनही होते. ते तेराव्या शतकात मावळले आणि त्याच सुमारास, फ्रेंच रिवाजाच्या प्रभावाने, एकट्या माणसालाही आदरार्थी अनेकवचन लावण्याची पद्धत रुजू लागली. ‘दाऊ’ मग मुलाबाळांसाठी, जिवलगांसाठी आणि चाकरांसाठी उरला. परक्या बरोबरीच्या माणसाला तो लावणे म्हणजे अपमान. 1603 साली विंचेस्टर येथे सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोकने त्याला भर न्यायालयात मुद्दाम अरेतुरे केले. शेक्सपिअरच्या नाटकांत एकाच संवादात ‘यू’वरून ‘दाऊ’वर उडी पडते. तिथे राग, तिरस्कार किंवा अचानक दाटून आलेली माया असते. वाचकाने ती जागा निसटू देऊ नये.

आज हा शब्द भारदस्त वाटतो तो बायबलमुळे. विल्यम टिंडलने 1526 च्या नव्या करारात मूळ ग्रीकमधला वचनभेद राखण्यासाठी एकाला ‘दाऊ’ व अनेकांना ‘ये’ योजले, मग तो एक राजा असो की भिकारी. 1611 च्या अधिकृत भाषांतराने तीच रीत ठेवली. बोलीतून शब्द ओसरला, प्रार्थनेत राहिला, आणि घरगुती जवळिकीच्या शब्दाला देवघराचे सोवळे चढले. विठोबाला ‘तू’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला त्यातली मूळची सलगी इंग्रजांपेक्षाही लवकर उमगावी.

सतराव्या शतकाच्या मध्यास जॉर्ज फॉक्सच्या क्वेकर पंथाने, माणसामाणसांत उच्चनीच नाही या श्रद्धेपोटी, न्यायाधीशासह सर्वांना ‘दाऊ’ म्हणण्याचा आग्रह धरला आणि त्यासाठी मारहाण व रोष सोसला. पुढे क्वेकरांच्या बोलण्यात कर्त्याच्या जागीही ‘दी’ रूढ झाले. 1700 च्या सुमारास प्रमाण बोलीतून हे सर्वनाम जवळजवळ गेले होते. यॉर्कशरच्या ग्रामीण बोलीत मात्र ते ‘दा’ या रूपाने विसाव्या शतकातही सर्रास ऐकू येई.