पन्नासाचे साठ

लेखक गेल्यावर त्याच्या लेखनावरचा कॉपीराइट साठ वर्षे टिकतो, हे पुस्तकांच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असते. १९५७ साली कायदा झाला तेव्हा मात्र ही मुदत पन्नास वर्षांची होती. वरची दहा आली रवींद्रनाथ ठाकुरांमुळे.

रवींद्रनाथ ७ ऑगस्ट १९४१ रोजी गेले. मुदत मोजतात ती पुढच्या १ जानेवारीपासून. म्हणजे ३१ डिसेंबर १९९१ उलटला की त्यांचे लेखन कोणालाही छापता आले असते. हक्क विश्वभारतीकडे होते आणि ते राहावेत अशी मागणी झाली. शेवटी वटहुकूम निघाला आणि २८ डिसेंबरपासून पन्नासाचे साठ झाले. मुदत संपायला उरले होते तीन-चार दिवस. पुढे १९९२ साली त्याचा रीतसर कायदा झाला.

प्रेमचंद १९३६ साली गेले, ज्ञानकोशकार केतकर १९३७ साली, शरच्चंद्र १९३८ साली. हे सगळे आधीच खुले झालेले. सुटले ते सुटले. उरलेल्या सगळ्यांना मात्र वाढ लागू झाली. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. जुन्या हिशेबाने त्यांची पुस्तके १ जानेवारी २००१ला आपली झाली असती, ती झाली २०११ला.

नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’चे यात काही अडले नाही. असे पुस्तक हक्क असले काय, नसले काय, छापले जातेच. मला राहून राहून वाटते ते दुसऱ्या पुस्तकांबद्दल. प्रकाशन केव्हाच बंद पडलेले, वारस कोण ते गावातही कोणाला ठाऊक नाही, आणि वाचनालयात उरलेली एकुलती एक प्रत पान उलटताच तुटणारी. ती पुन्हा छापायची, निदान स्कॅन करून सर्वांसाठी ठेवायची, तर परवानगी मागायची कोणाकडे? आणखी दहा वर्षांचा हक्क अशा पुस्तकांच्या लेखकांना काही मिळवून देत नाही, पण तेवढ्या वर्षांत कागदाचा भुगा होतो. एका थोर लेखकाची काळजी घेताना या पुस्तकांचा विचार व्हायला हवा होता.

रवींद्रनाथांचे लेखन १ जानेवारी २००२ला खुले झाले. साठाचा आकडा मात्र राहिला. वि. स. खांडेकर १९७६ साली गेले. पन्नासच्या हिशेबाने त्यांची पुस्तके १ जानेवारी २०२७ला खुली झाली असती. आता २०३७ उजाडावे लागेल.