न संपणारा डाव

नोव्हेंबर 2024 मध्ये सिंगापूर येथील जागतिक विजेतेपदाच्या लढतीत डी. गुकेश आणि डिंग लिरेन यांचा दुसरा डाव 23 चालींनंतर बरोबरीत सुटला. पटावर तीच स्थिती तिसऱ्यांदा आली होती. सहाव्या डावात पुनरावृत्तीची वाट खुली असूनही गुकेशने ती नाकारली. (तो डावही अखेर बरोबरीतच सुटला, हा भाग निराळा.)

या नियमातील कळीचा शब्द ‘स्थिती’ हा आहे. पूर्वी प्रचलित असलेल्या एका नियमात मोजणी स्थितीची नव्हे, चालींची होती: चालींचा तोच क्रम लागोपाठ तीनदा घडला, तर बरोबरी. वरवर पाहता दोन्ही नियम सारखेच वाटतात. गणिताचे डॉक्टर असलेले डच बुद्धिबळपटू मॅक्स युवे यांनी 1929 मध्ये दाखवून दिले की, जुन्या नियमाखाली डाव अनंतकाळ चालू शकतो.

युक्ती साधी आहे. दोन्ही खेळाडूंनी वजिराकडचा घोडा बाहेर काढून परत घरी न्यावा. या चार चालींना ‘अ’ म्हणू. राजाकडच्या घोड्यांनी तेच केले की ‘ब’. आता ‘अ’पासून आरंभ करावा आणि प्रत्येक वेळी आधीच्या ओळीपुढे तिचीच उलटापालट जोडावी: अब, अबबअ, अबबअबअअब… या अनंत मालिकेत कोणताही तुकडा लागोपाठ तीनदा येत नाही. नॉर्वेचे अॅक्सेल थ्यू यांनी हीच मालिका 1906 मध्ये, तर अमेरिकेचे मार्स्टन मोर्स यांनी 1921 मध्ये वक्रपृष्ठांवरील मार्गांचा अभ्यास करताना मांडली होती. युवे तिथे स्वतंत्रपणे पोहोचले. सहा वर्षांनी ते विश्वविजेते झाले.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातील भेद ओळखीचा वाटेल. मार्गांना अंत नसतो; अवस्था मात्र मोजक्या असू शकतात. पटावरील शक्य स्थिती प्रचंड असल्या, तरी सान्त आहेत. म्हणून स्थिती मोजणाऱ्या नियमातून पळवाट उरत नाही. अर्थात स्थिती ‘तीच’ ठरण्यासाठी मोहऱ्यांची जागा जुळणे पुरेसे नाही. चाल कोणाची आणि कॅसलिंगचा हक्क शिल्लक आहे का, हेही जुळावे लागते.

तिसऱ्या वेळी बरोबरी आपोआप होत नाही, खेळाडूने ती मागावी लागते. दोघांनीही न मागितल्यास? त्यासाठी 2014 पासून पाचव्या पुनरावृत्तीला डाव थांबतोच. युवेंचे घोडे आजच्या पटावर फार काळ फिरू शकणार नाहीत.