निहाली : सातपुड्याच्या पायथ्याची एकटी भाषा

इनुइट लोकांना १९९९ साली कॅनडात नुनाव्हुत हा प्रदेश मिळाला आणि त्यांची भाषा तिथल्या सरकारी कारभारात आली. त्यांचेच भाऊबंद असलेल्या ग्रीनलंडवासीयांची भाषा २००९पासून तिथली एकमेव राजभाषा आहे. बर्फातल्या या भाषांविषयी आपण कुतूहलाने वाचतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या निहालीचे मात्र नावही बहुतेकांनी ऐकलेले नसते.

जळगाव-जामोद परिसरात, सातपुड्याच्या कुशीतल्या काही गावांत निहाल राहतात. भाषा बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. बहुतेकांचे पोट मजुरीवर. शेजार कोरकूंचा, म्हणून घरात निहाली, शेजारी कोरकू आणि बाजारात मराठी-हिंदी अशी तिहेरी कसरत. निहालीला लिपी नाही, शाळा मराठीत.

ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०६ सालच्या चौथ्या खंडात तिला मुंडा कुळात घातले. मूळ मुंडा, वर द्राविडी आणि शेवटी आर्य भाषांचा थर, असे निदान केले. पुढे १९६२ साली कायपर या डच पंडिताने शब्द तपासले, तेव्हा सुमारे चौथा हिस्सा कुठल्याच कुळाशी जुळेना. पाण्याला ‘जोप्पो’ म्हणतात. दोनला ‘इरार’, सीमाभागातल्या वाचकाला इथे कानडी ‘एरडु’ आठवेल. दोन, तीन, चार द्राविडी आणि पाचापासून पुढचे आकडे हिंदी-मराठी वळणाचे! पण ही चोरांची सांकेतिक बोली असावी, अशी शंकाही कायपरने मांडली. मला ती पटत नाही. मजूर माणसे घरात आपल्या बोलीत बोलतात, मालकाला ती कळत नाही, एवढ्यावरून ती गुप्त ठरत नाही. राहिली उसनवारी. आपण कोल्हापूरकर अण्णा-अक्का कानडीतून घेतो, जमीन-बाजार फारसीतून. म्हणून मराठीला कोणी भेसळ म्हणत नाही.

खरी अडचण नोंदीची आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ‘निहाल’ हे नाव कोरकूंच्याच नोंदीत, बोपची, मवासी यांच्या रांगेत येते. दाखल्याला ते पुरते. पण निहाल किती, त्यांची मुले किती शिकली, हे वेगळे निघत नाही. दुसरीकडे, दहा हजारांहून कमी लोकांची भाषा जनगणनेच्या प्रसिद्ध तक्त्यांत १९७१पासून छापलीच जात नाही. म्हणजे जमात कोरकूंत गेली आणि भाषा ‘इतर’मध्ये. युनेस्कोने तिला अतिसंकटग्रस्त म्हटले, तरी आपल्या कागदावर ती जवळपास नाहीच.

काम झाले ते व्यक्तींच्या चिकाटीवर. पुण्याच्या आशा मुंडले यांनी निहाल वस्त्यांत जाऊन शब्द गोळा केले. पुढे डेक्कन कॉलेजच्या शैलेंद्र मोहन यांनी ध्वनिमुद्रणे केली. मुंडले यांचा निहाली शब्दसंग्रह १९९६ साली छापला गेला, तो अमेरिकेतल्या एका नियतकालिकात, अर्थ इंग्रजीत देऊन. जळगाव-जामोदच्या शाळेत निहाल मुलांना शिकवणाऱ्या मराठी गुरुजीच्या हाती तो कसा पडणार?